ऑफिसातल्या सगळ्या संगणकांसाठी रेस्टिकचं एकच पॅकेज

वागळे इस्टेटमधलं वर्कशॉप घ्या, नौपाड्यातलं सीएचं ऑफिस घ्या किंवा तुर्भ्याच्या मार्केटमधला गाळा. चार-सहा विंडोज संगणक, त्यांवर टॅली, एक्सेल आणि थोडं डीटीपी. अशा जागेच्या बॅकअपसाठी रेस्टिक हा मुक्तस्रोत प्रोग्राम आम्ही सुचवतो. त्याला इन्स्टॉलर नाही, सगळा प्रोग्राम एकाच एक्झी फाइलीत आहे. त्यामुळे पॅकेज बनवायचं म्हणजे एक फोल्डर नीट भरायचा आणि तोच प्रत्येक संगणकावर ठेवायचा. (कमांडची नावं इथे देवनागरीत आहेत; टाइप करताना ती रोमनमध्ये, लहान अक्षरांत लिहा.)

रेस्टिकच्या गिटहब पानावरून ६४-बिट विंडोजची झिप आणि तिच्यासोबतची शा-२५६ यादी (फाइल अस्सल आहे का ते पडताळायचे आकडे) उतरवा. पॉवरशेलमध्ये गेट-फाइलहॅश चालवून आकडा यादीशी ताडून पाहा. एक्झीच्या नावात आवृत्तीचा क्रमांक असतो, तो काढून नुसतं रेस्टिक ठेवा. नाहीतर प्रत्येक अपडेटनंतर स्क्रिप्ट बदलत बसावं लागेल.

सी ड्राइव्हवर रोमन नावाचा, मध्ये जागा नसलेला फोल्डर करा. त्यात एक्झी, बॅच स्क्रिप्ट (कमांडी ओळीने चालवणारी फाइल), बॅकअपच्या पासवर्डची फाइल, बॅकअप घ्यायच्या फोल्डरांची यादी आणि टास्क शेड्यूलरची (ठरलेल्या वेळी काम आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) एक्सएमएल फाइल ठेवा. पासवर्डची फाइल वाचायची परवानगी फक्त सिस्टिम आणि अॅडमिनिस्ट्रेटर यांना द्या.

दर संगणकागणिक बदलते ती फक्त यादी, आणि चुकाही बहुतेक तिथेच होतात. यादीत पूर्ण पाथ लिहा. युजरप्रोफाइलसारखे व्हेरिएबल तिथे उलगडले जात नाहीत. स्क्रिप्टमध्ये यादी देताना 'फाइल्स-फ्रॉम-व्हर्बेटिम' हा पर्याय वापरा, कारण साध्या 'फाइल्स-फ्रॉम'मध्ये चौकटी कंसाचा वेगळा अर्थ लागतो आणि तसा कंस नावात असलेला फोल्डर निसटतो. मराठी नावांचे फोल्डर यादीतच राहू द्या, फाइल यूटीएफ-८मध्ये सेव्ह करा. तीच नावं बॅच स्क्रिप्टमध्ये लिहिली तर कोडपेज ६५००१ केल्याशिवाय पाथ सापडत नाही.

टॅलीप्राइमचा डेटा सहसा यूजर्समधल्या पब्लिक फोल्डरात असतो, पण खरा पाथ टॅलीतच बघून घ्या. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये काम झालं असेल तर विंडोजचा फॉन्ट्स फोल्डरही यादीत हवाच. फॉन्ट नसेल तर रिस्टोर केलेली पत्रिका उघडते, पण वाचता येत नाही.

बॅकअप ठेवायला एक जुना संगणक उबुंटू घालून बाजूला काढा आणि त्यावर रेस्ट-सर्व्हर (नेटवर्कवरून रेस्टिकचे बॅकअप स्वीकारणारा प्रोग्राम) चालवा. तो ८००० पोर्टवर ऐकतो. राउटरमध्ये त्याचा आयपी पत्ता कायमचा बांधून द्या, नाहीतर राउटर रीस्टार्ट झाल्यावर सगळे बॅकअप एकदम बंद पडू शकतात. सर्व्हर 'अपेंड-ओन्ली' (फक्त भर घालू देणाऱ्या) पर्यायाने सुरू करा. मग एखाद्या संगणकात रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तरी तिथून जुने बॅकअप पुसता येत नाहीत. सतत जोडलेल्या यूएसबी डिस्कला हे संरक्षण नसतं, म्हणून एवढा खटाटोप. ऑफिस तळमजल्यावर असेल तर हा संगणक जमिनीवर ठेवू नका. २६ जुलै २००५चं पाणी आठवा.

रेपॉझिटरी, म्हणजे बॅकअपचा साठा, तयार करणारी 'इनिट' ही कमांड कोणत्याही एका संगणकावरून एकदाच चालवा. तिचा पासवर्ड हरवला तर डेटा कोणीही परत काढून देऊ शकत नाही. तो कागदावर लिहून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

आता टास्क. तो एका संगणकावर बनवा आणि सिस्टिम खात्याखाली चालवा. ह्या खात्याचा ओळखक्रमांक प्रत्येक विंडोजवर सारखाच असतो, म्हणून एक्सपोर्ट केलेली एक्सएमएल बाकीच्यांवर जशीच्या तशी चालते. शिवाय 'यूज-एफएस-स्नॅपशॉट' या पर्यायाला लागणारे वाढीव अधिकारही त्यात येतात. तो लावला की उघड्या फाइलींचीही प्रत मिळते. तरी टॅली बंद करूनच बॅकअप घेतलेला बरा. रात्रीची वेळ लावू नका, जाताना मेन स्विच बंद होतो. जेवणाची, दीडची वेळ उत्तम. चुकलेला टास्क शक्य तितक्या लवकर चालवण्याच्या पर्यायावर खूण करायला विसरू नका.

संगणकांना आधीच वेगवेगळी नावं द्या. क्लोन करून बसवलेल्या संगणकांचं नाव एकच असतं, त्यामुळे त्यांचे स्नॅपशॉट (प्रत्येक वेळी घेतलेले बॅकअप) एकमेकांत मिसळतात आणि जुने काढताना भलत्याचेच जातात.

जुने काढण्याचं काम सर्व्हरवर, थेट रेपॉझिटरीच्या फोल्डरवर करा: 'फरगेट' (जुने स्नॅपशॉट काढणारी कमांड), सोबत 'प्रून' (त्यांची जागा मोकळी करणारा पर्याय), आणि ठेवायचे रोजचे ७, आठवड्याचे ५, महिन्याचे १२. 'ग्रुप-बाय होस्ट' (संगणकाच्या नावानुसार गट) जोडा. ते नसेल तर यादीत एक फोल्डर वाढवला की नवा गट तयार होतो आणि आधीच्या गटातले स्नॅपशॉट तसेच पडून राहतात.

स्क्रिप्टमधून एक्झिट कोड (काम संपल्यावर रेस्टिक देतो तो आकडा) लॉगमध्ये लिहा. ० म्हणजे ठीक. ३ म्हणजे स्नॅपशॉट झाला, पण काही फाइली वाचता आल्या नाहीत. हा कोड दुर्लक्षित राहतो आणि नेमकी हवी ती फाइल त्यातच असते. वीज गेल्यावर रेपॉझिटरी लॉक असल्याचा संदेश आला तर 'अनलॉक' चालवा. ती फक्त शिळी झालेली कुलुपं काढते.

शनिवारी सर्व्हरवरून 'कॉपी' कमांडने दुसऱ्या यूएसबी डिस्कवर प्रत घ्या आणि ती डिस्क ऑफिसपासून दूर, शक्यतो खाडीच्या दुसऱ्या बाजूला, कोणाच्या तरी घरी जाऊ द्या. निळ्या यूएसबी पोर्टवर सेकंदाला ८० एमबी वेग मिळाला तर २०० जीबीला साधारण ४२ मिनिटं लागतात. जुन्या यूएसबी २ पोर्टवर पावणेदोन तास धरा.

दर आठवड्याला साठा शाबूत आहे का ते तपासणारी 'चेक' चालवा आणि 'रीड-डेटा-सबसेट'मध्ये क्रमाने १/४, २/४, ३/४, ४/४ द्या. चार आठवड्यांत सगळा डेटा एकदा वाचून होतो. महिन्यातून एकदा टॅलीचा डेटा वेगळ्या फोल्डरात रिस्टोर करा, तो पाथ देऊन कंपनी उघडा आणि आदल्या दिवशीचं शेवटचं व्हाउचर दिसतंय का ते बघा. ते दिसत नसेल तर आधी यादीतला पाथ तपासा.