ब्राउझरमधले लॉग सर्व्हरपर्यंत कसे पोहोचवायचे

वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्ये आलेली एरर त्याच्याच कन्सोलमध्ये पडून राहते आणि टॅब बंद झाला की तीही जाते. ती पकडण्यासाठी विंडोवर 'एरर' आणि 'अनहँडल्डरिजेक्शन' हे दोन्ही लिसनर (घटना घडली की चालणारी फंक्शन) लावा. नुसता पहिला लावला तर प्रॉमिसमधल्या, म्हणजे निकाल नंतर देणाऱ्या कामांमधल्या चुका निसटतात. स्क्रिप्ट दुसऱ्या डोमेनवरून येत असेल, तर स्क्रिप्ट टॅगवर क्रॉसओरिजिन अ‍ॅट्रिब्यूट आणि तिकडून सीओआरएस हेडर (दुसऱ्या डोमेनला परवानगी देणारं), दोन्ही हवेत. नाहीतर 'स्क्रिप्ट एरर' एवढंच हाती लागतं.

एरर ऑब्जेक्ट तसाच स्ट्रिंगिफाय केला, म्हणजे जेसन मजकुरात बदलला, तर बहुतेक वेळा रिकामा महिरपी कंस उरतो, कारण मेसेज आणि स्टॅक या प्रॉपर्टी एन्युमरेबल नसतात, म्हणजे यादीत मोजल्या जात नाहीत. त्या हाताने काढून घ्या; सोबत वेळ, पानाचा पाथ, रिलीज आवृत्ती आणि सेशन आयडी जोडा. क्वेरी स्ट्रिंग (पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग) मात्र छाटा, तिथे टोकन, म्हणजे ओळख पटवणारी गुप्त खूण सापडण्याची शक्यता असते.

दर नोंदीला वेगळी रिक्वेस्ट नको. २० नोंदी जमल्या किंवा ५ सेकंद झाले की गठ्ठा पाठवा. पाठवणी फसली तर ती चूक याच लॉगरमध्ये टाकू नका, चक्र थांबणार नाही.

खरी गोची पान बंद होताना होते. अनलोड इव्हेंट मोबाइलवर अनेकदा येतच नाही. त्याऐवजी 'व्हिजिबिलिटीचेंज' ऐका आणि स्थिती 'हिडन' झाली की उरलेली रांग सेंडबीकनने (पान बंद होतानाही डेटा पाठवणारं ब्राउझरचं फंक्शन) पाठवा. त्याची मर्यादा साधारण ६४ केबी. ती ओलांडली तर फॉल्स परत येतं, म्हणून ते तपासा आणि तुकडे करा. एंडपॉइंट (लॉग स्वीकारणारा सर्व्हरचा पत्ता) वेगळ्या डोमेनवर असेल तर जेसन कंटेंट टाइपमुळे आधी परवानगी विचारणारी प्रीफ्लाइट रिक्वेस्ट जाते, आणि पान मिटत असताना ती भानगड नको. टेक्स्ट-प्लेन म्हणून पाठवा, सर्व्हरवर पार्स करा.

एंडपॉइंट उघडा असतो, कोणीही काहीही टाकू शकतो. रेट लिमिट आणि बॉडीच्या आकाराची मर्यादा लावा, मजकुरातल्या नवीन ओळी एस्केप करा, उत्तर २०४ (यशस्वी, पण मजकूर नाही) द्या. वापरकर्त्याचं घड्याळ चुकीचं असू शकतं, म्हणून सर्व्हरची वेळही नोंदवा. मिनिफाय केलेल्या (आकसलेल्या) कोडचा स्टॅक वाचायला सोर्स मॅप, म्हणजे त्याची मूळ कोडशी सांगड घालणारी फाइल लागते. ती रिलीजनुसार सर्व्हरवर जपा, सार्वजनिक ठेवू नका. आणि पाथमध्ये 'अ‍ॅनालिटिक्स' किंवा 'ट्रॅक' असे शब्द टाळा. अ‍ॅड ब्लॉकर अशा रिक्वेस्ट अडवतात.