कांद्याचं पाणी मोजायचंय? लागणीआधी एवढं जमवा

सांगोला, आटपाडी, माण या पट्ट्यात ठिबकनं पाणी वाचतं हे कुणाला नव्यानं सांगायला नको. किती वाचतं, ते आपापल्या रानात मोजावं लागतं. रब्बी कांदा त्यासाठी बरा, कारण तो सपाट वाफा, तुषार, ठिबक तिन्हींवर येतो.

प्रत्येक पद्धतीला एक, असे पाच-पाच गुंठ्यांचे तीन तुकडे धरा, पण एकाच पोताच्या जमिनीत. एकीकडे मुरमाड, दुसरीकडे काळी असेल तर फरक जमिनीचा निघेल. तुषारशेजारी रिकामी पट्टी सोडा, वाऱ्यानं फवारा सरकतो. रोप, खत, लागणीची तारीख सारखी.

आता मोजणी. ‘मोटर चार तास चालली’ हा हिशेब धरू नका. विहीर उतरली किंवा व्होल्टेज पडलं की त्याच चार तासांत पाणी कमी येतं. पाइपावर मीटर बसवा, तिन्ही तुकड्यांना वेगळे वॉल्व्ह द्या आणि पाणी एका वेळी एकालाच सोडा. मीटर नसेल तर 200 लिटरचा बॅरल किती वेळात भरतो ते घड्याळावर बघा, प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी. मातीचा पाट असेल तर विहिरीवर आणि वाफ्याच्या तोंडाशी, दोन्हीकडे मोजा. पाट किती पितो ते तिथंच दिसतं. गुंठ्यावर पाण्याचा 1 मिमी थर म्हणजे साधारण 101 लिटर, म्हणून पाच गुंठ्यांना 10,000 लिटर दिले तर जवळपास 20 मिमी झाले. अवकाळी येतोच, तेव्हा पर्जन्यमापक हवा.

ठिबकचा फिल्टर धुऊन नळीच्या सुरुवातीला, मध्ये, टोकाला ड्रिपरखाली भांडी ठेवा. ताशी 4 लिटरचा ड्रिपर क्षारानं चोंदला की तेवढं देत नाही. तुषारखाली सारख्या तोंडाचे डबे मांडा.

एक फावडंही ठेवा. पीक चांगलं असेल तर कांदा पानांतून उडवतो ते पाणी तिन्हीकडे फारसं वेगळं नसतं. तफावत पडते ती पाटातल्या मुरण्यात, उघड्या मातीवरून उडण्यात आणि मुळांखाली उतरण्यात. कांद्याची बहुतेक मुळं वरच्या फूटभरात असतात; पाण्याच्या दुसऱ्या दिवशी खणून ओल कुठवर गेली ते बघा. (खाली गेलेलं सगळंच वाया नाही, थोडं विहिरीला परत मिळतं. पण ते उपसायला वीज पुन्हा लागते.)

शेवटी हिशेब 1,000 लिटरला किती किलो, असा मांडायचा. त्यासाठी वजनकाटा आधीच सांगून ठेवा आणि गोण्यांना तीन रंगांची सुतळी आणा, नाहीतर काढणीच्या घाईत ढीग एक होतात.