गर्भाशयाच्या दुर्बिणीत पाण्याचा हिशेब: या चुका टाळा

पावसाळ्यात आम्ही सांगलीकर आयर्विन पुलाची पातळी तासातासाला विचारतो. 40 फुटांना इशारा, 45 ला धोका. पाणी दारात येईपर्यंत कुणी थांबत नाही. हिस्टेरोस्कोपीने (गर्भाशयात दुर्बीण घालून) फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयातली गाठ काढताना मात्र पाण्याचा हिशेब बऱ्याचदा शेवटी मांडला जातो. मी भूल देतो, त्यामुळे ही गोष्ट मला फार लागते.

गर्भाशय फुगवायला सोडलेलं पाणी कापलेल्या शिरांतून थेट रक्तात जातं. आत किती गेलं, बाहेर किती आलं, हा फरक सिस्टरने दर 5-10 मिनिटांनी मोठ्याने सांगावा. निरोगी बाईला हे पाणी ग्लायसिनचं (मीठ नसलेलं द्रावण) असेल तर फरक 1000 मिली, सलाईन (मिठाचं पाणी) असेल तर 2500 मिली, इथे थांबायचं. वय जास्त असेल, हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर त्याच्या बरंच आधी.

आकडा वाढला की कुणीतरी म्हणतं, "सांडलं असेल." या दोन शब्दांनी सर्वांत जास्त घात होतो. सुरुवातीलाच कमरेखाली पिशवीवाला ड्रेप (सांडलेलं पाणी गोळा करणारी चादर) लावा, फरशीवरचंही सक्शनने ओढून मोजा. मग तसं म्हणायला जागाच उरत नाही. शिवाय 3 लिटरच्या पिशवीत छापल्यापेक्षा थोडं जास्तच भरलेलं असतं. नुसत्या पिशव्या मोजल्या तर आत गेलेलं कमी दिसतं. वजन करा.

दुसरी चूक रक्तातल्या सोडियमच्या भरवशावर राहण्याची. ग्लायसिन लिटरभर शोषलं गेलं की सोडियम साधारण 10 मिलीमोल प्रति लिटरने उतरतं. सलाईनमध्ये ते जवळपास जागेवरच राहतं आणि पाणी फुफ्फुसात साचतं. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

ग्लायसिनमध्ये 1 टक्का इथेनॉल असेल तर श्वासातल्या अल्कोहोलवरून शोषण लवकर कळतं. पण स्वतः मिसळामिसळ करू नका.

कमरेत भूल दिलेली बाई जांभया देऊ लागली, तळमळू लागली, "डॉक्टर, अंधुक दिसतंय" म्हणाली, तर ती घाबरलीय असं समजून झोपेचं इंजेक्शन देऊ नका. पाणी बंद करा, सोडियम तपासायला रक्त पाठवा.

पिशवी उगाच उंच टांगू नका. 1 मीटर उंचीला साधारण 73 मिमी पाऱ्याइतका दाब पडतो. दाब बाईच्या सरासरी रक्तदाबाच्या खालीच ठेवा.

मर्यादा आली की उरलेली गाठ दुसऱ्या वेळेला. नातेवाइकांना हे आदल्या दिवशीच सांगून ठेवा, म्हणजे टेबलावर थांबायला सर्जनचा हात अडत नाही.