सोलापूरचा मे सोसला म्हणून पेनांगचं जंगल झेपेलच असं नाही : क्रूझच्या थांब्यावर या चुका टाळा

"बत्तीस डिग्री? हे काय ऊन आहे व्हय!" क्रूझचं बुकिंग झाल्यापासून अण्णांचं हे पालुपद चालू होतं. अण्णा म्हणजे माझे मोठे दीर. मे महिन्यात पारा ४३ वर असताना भर दुपारी दोनला स्कूटर काढून मंगळवार पेठेत जाऊन येणारा माणूस. त्याच अण्णांना पेनांगच्या जंगलात चाळीसाव्या मिनिटाला एका झाडाच्या मुळावर बसवून आम्ही ओआरएस पाजत होतो.

सिंगापूरहून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या बऱ्याच क्रूझ मलेशियातल्या पेनांग बेटाला थांबतात. बोट लागते जॉर्ज टाऊन शहरात, स्वेटनहॅमच्या धक्क्याला. बेटाच्या पार वायव्य टोकाला, तेलुक बहांग गावापाशी, पेनांग राष्ट्रीय उद्यान आहे. जंगल आणि किनारा मिळून २००३ सालापासून राष्ट्रीय उद्यान. आमच्यासारख्यांना अभयारण्य म्हटलं की सोलापूरजवळचा नान्नजचा माळ आठवतो. गवत, चार बाभळी आणि लांबवर पोचणारी नजर. इथे दहा पावलांपुढचं दिसत नाही. आम्ही नऊ जण गेलो, सगळे धडधाकट परत आलो, पण चुका इतक्या केल्या की शेजारच्यांनी "कसं होतं ओ?" विचारलं तर मी आधी चुकाच सांगते.

माठाचं गणित विसरणं

सोलापूरच्या कोरड्या हवेत घाम येतो कधी आणि वाळतो कधी, कळत नाही. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी गार होतं तेही याच हिशोबानं. पेनांगच्या हवेत बाष्प आधीच इतकं भरलेलं असतं की घामाला वाळायला वावच नसतो. तिथे माठ ठेवला तर बाहेरून भिजलेला दिसेल, पण आतलं पाणी म्हणावं तसं गार होणार नाही. तुम्ही म्हणजे तोच माठ. पारा ३२ दाखवतो, पण शरीराचा पंखाच बंद पडलेला असतो. त्यात वाट चढाची आणि झाडीत वारा नाही.

अण्णांनी पाण्याची अर्ध्या लिटरची एकच बाटली घेतली होती. कारण? "लई ओझं कशाला." या वाटेवर माणशी दीड-दोन लिटर लागतंच, आणि नुसतं पाणी नव्हे, सोबत ओआरएसची दोन पाकिटं. आत दुकान नाही. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, पायात गोळे आले की तिथेच सावलीत बसायचं, मानेवर आणि काखेत ओला रुमाल ठेवायचा, वारा घालायचा, घोट घोट पाजायचं. पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटलं तरी पुढे जायचं नाही, मागे फिरायचं. माणूस असंबद्ध बोलायला लागला किंवा झोकांड्या द्यायला लागला तर तो उष्माघात समजायचा. मग अंगावर पाणी ओतत राहायचं आणि लगेच मदत बोलवायची. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. अण्णांची चालू होती आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

टॉवेल

जाऊबाईंनी चाटी गल्लीतून नऊ सोलापुरी टॉवेल आणले होते, जाडजूड, अभिमानानं. गावाची शान खरीच, पण भिजल्यावर एकेक टॉवेल ओल्या गोधडीसारखा होतो आणि त्या हवेत वाळायचं नाव घेत नाही. पातळ पंचा न्या. जीन्सलाही हेच लागू. चपलाही नकोत, कारण पावसानं ओली झालेली मुळं शेवाळलेल्या घाटाच्या पायरीसारखी असतात. मागून पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट घाला.

घड्याळ पुढून मोजणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. आपण सहलीला निघतो तेव्हा पुढून मोजतो: नाश्ता झाला, निघू, बघू, येऊ. क्रूझच्या थांब्यावर उलटं मोजायचं असतं.

समजा बोट संध्याकाळी सहाला सुटणार. सगळ्यांनी चढायची शेवटची वेळ तासभर आधी, म्हणजे पाच. तुम्ही धक्क्यावर चारला हवे. तेलुक बहांगहून धक्का वीसेक किलोमीटर, पण रस्ता समुद्राकडेनं वळणावळणाचा आणि बातू फेरिंगीच्या हॉटेलांपाशी गर्दीचा, म्हणून दीड तास धरा. अडीचला उद्यानाच्या दारातून निघायचं. केराचुत किनाऱ्याची पायवाट साडेतीन किलोमीटरच्या आसपास, मधे टेकडी, आपल्या पायांना एका बाजूनं दीड तास. तिथे अर्धा तास थांबायचं म्हटलं तरी अकराला चालायला सुरुवात हवी. म्हणजे साडेनऊच्या आत धक्का सोडायला हवा. बोटच दुपारी बाराला लागणार असेल तर केराचुत विसरा.

मग काय करायचं? उद्यानाच्या दाराशी छोट्या मोटारबोटी मिळतात. त्या मंकी बीचला किंवा केराचुतला पाव तासात नेतात. जाताना चाला, येताना बोट, किंवा दोन्हीकडून बोट. भाडं आधी ठरवा आणि परत न्यायला किती वाजता येणार ते नावाड्याकडून वदवून घ्या. लाटा उसळल्या तर बोटी बंद होतात, म्हणून चालत परतण्याइतका वेळ हाताशी असू द्या. शुक्रवारी गेलात तर आणखी एक: दुपारच्या नमाजासाठी मलेशियातली सरकारी कार्यालयं बराच वेळ बंद असतात. नोंदणीच्या खिडकीशी ताटकळायचं नसेल तर सकाळीच पोचा.

धक्क्याजवळून १०१ नंबरची बस तेलुक बहांगला जाते, स्वस्त आहे. जाताना बस ठीक, येताना टॅक्सी. परतीच्या बसवर बोट अवलंबून ठेवू नये.

फोनचं घड्याळही फसवतं. सिंगापूर आणि मलेशिया यांची वेळ एकच, आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. पण तीच बोट दुसऱ्या दिवशी फुकेतला गेली की थायलंडची वेळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे. बोटीवर सिंगापूरचीच वेळ चालू ठेवली असेल, तर तुमच्या फोनमध्ये चार वाजलेले असताना बोटीत पाच वाजलेले असतात. मनगटावर साधं घड्याळ बांधा आणि ते बोटीच्या घड्याळाला लावा.

बोट सुटलीच तर

बोट कंपनीनं नेलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते. स्वतः टॅक्सी करून गेलेल्यांसाठी थांबत नाही. केबिनमध्ये रोज येणाऱ्या कार्यक्रमाच्या कागदावर बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो. त्या कागदाचा फोटो काढा आणि कागदही खिशात ठेवा. उशीर होतोय असं वाटलं की लगेच त्या नंबरवर कळवा. पासपोर्ट बोटीवर जमा असेल तर बोट सुटण्यापूर्वी तो एजंटकडे उतरवता येतो, मात्र आधी कळलेलं असलं पाहिजे. पासपोर्टची झेरॉक्स, थोडे रिंगिट आणि दोन दिवसांची औषधं अंगावरच्या पिशवीत हवीत. मलेशियात उतरण्यापूर्वी ऑनलाइन भरायचं आगमन कार्ड आणि परत सिंगापूरला उतरतानाचं नवं आगमन कार्ड, दोन्हींची चौकशी बोट कंपनीकडे घरूनच करा. बोट सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच येते, म्हणून तिथला व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, तेही बघा.

फोनचं आणखी एक दुखणं. समुद्रात असताना फोन बोटीवरचं उपग्रहाचं नेटवर्क पकडतो आणि आपला परदेशी रोमिंगचा पॅक बहुतेक वेळा तिथे चालत नाही. भाच्यानं फोन नुसता उशाशी ठेवला होता, तर बिल आलं ते बघून त्याचं जेवणावरचं मन उडालं. बोटीत चढल्यावर फ्लाइट मोड लावा, धक्क्यावर उतरल्यावरच काढा.

शेंगा चटणी आणि माकड

आपल्याकडे माकड दिसलं की मारुतीराया म्हणून शेंगदाणे पुढे करायची सवय. पेनांगच्या वाटेवर लांब शेपटीची माकडं असतात, टोळीनं. भाच्यानं पिशवी उघडली. प्लास्टिकचा चुरचुर आवाज झाला आणि डाव्या अंगाच्या फांदीवरून एक माकड उतरलं. धावलं नाही, ओरडलं नाही, चालत आलं आणि पिशवी घेऊन गेलं. आत होती कडक भाकरी आणि शेंगा चटणी. चार हात लांब बसून त्यानं पुडी फाडली, चटणी बोटानं चाटली, थबकलं, मग ओठ पानावर घासले. एकदा, दोनदा. भाकरी मात्र सोडली नाही, कडाकड मोडून खाल्ली. आम्ही हसत होतो, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्या टोळीला पिशवी म्हणजे जेवण हे कुणीतरी असंच शिकवलेलं असतं.

पिशवी गेली तर जाऊ द्या, ओढाओढी करू नका. डोळ्यांत रोखून बघू नका, दात दाखवून हसू नका, त्यांच्या भाषेत ती धमकी आहे. चावलं किंवा ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टर गाठा. "घरी गेल्यावर बघू" हे इथे चालत नाही. त्याच जंगलात डोळ्यांभोवती पांढरी कडी असलेली काळसर वानरंही आहेत. ती लाजरी, उंच फांद्यांवर पानं खात बसतात. खाली माकडांशी झटापट करणाऱ्यांना ती दिसतच नाहीत.

पाण्यात उतरणं

केराचुतला पोहू नका. ओढ आहे आणि जेलीफिशही आहेत. दंश झालाच तर वाळूनं चोळायचं नाही, गोडं पाणी ओतायचं नाही. व्हिनेगर ओतायचं, मग डॉक्टर. छोटी बाटली पिशवीत ठेवा. आणि हो, डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा डासांचं मलम सकाळीच लावा.

केराचुत बघायचं ते कासवांसाठी. कोकणातल्या वेळासला जाऊन आलेल्यांना ऑलिव्ह रिडले कासव माहीत असतं. ते इथेही येतं, सप्टेंबर ते फेब्रुवारीत, आणि हिरवी कासवं प्रामुख्यानं एप्रिल ते ऑगस्टमध्ये. किनाऱ्यावर संवर्धन केंद्र आहे. मागे एक विलक्षण तळं आहे, वर गोडं पाणी आणि तळाशी समुद्राचं, दोन्ही एकमेकांत न मिसळणारी. मात्र पाऊस नसेल तर नुसता चिखल दिसतो. आम्हाला चिखलच दिसला.

हातात चारच तास असतील, पाऊस कोसळत असेल किंवा दरडीमुळे वाटा बंद असतील, तर हट्टानं तेलुक बहांगला जाऊ नका. शहरालगतच १८८४ साली उभी राहिलेली वनस्पती बाग आहे, झाडं तशीच भव्य, माकडं तितकीच बिलंदर आणि धक्का जवळ. अण्णांसारख्यांना घेऊन पुन्हा गेले तर मी तिथेच नेईन.

नऊ टॉवेल केबिनमध्ये दोन रात्री लटकत होते. आमची केबिन आतल्या बाजूची, खिडकी नव्हती. सिंगापूरच्या विमानतळावर बॅगा काट्यावर ठेवल्या तेव्हा वजन चार किलो जादा भरलं. जाऊबाई एकेक ओला टॉवेल काढून अण्णांच्या खांद्यावर टाकत होत्या आणि अण्णा कुणाकडेही न बघता उभे होते.