वाळूत तंबू: स्काउट पथकाच्या हिवाळी मुक्कामासाठी

किनाऱ्यावर आधी भरतीची रेघ शोधा: सुकला पाला, शिंपले, काटक्या जिथे ओळीने पडल्यात ती. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण तिच्याही वर येतं, म्हणून तंबू सुरूच्या झाडांच्या कडेला न्या. चूल मात्र सुरूखाली नकोच. वाळक्या सुया भुरकन पेटतात.

वाळूत उभी ठोकलेली खुंटी वाऱ्याने उपटतेच. दोरी खुंटीच्या मध्यावर बांधा, खुंटी दोरीला आडवी धरून हातभर खोल पुरा आणि वरची वाळू पायाने दाबा. ओली वाळू जास्त धरते. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जांभ्या दगडात खुंटी शिरत नाही, तिथे दोरी सरळ दगडी चिऱ्याला बांधा.

पहाटे तंबू आतून ओला लागतो तो गळतीने नव्हे, मुलांच्या श्वासाने. दाराची चेन वरून वीतभर उघडी ठेवा. सड्यावरच्या चालीला प्रत्येकी 3 लिटर पाणी. डिसेंबरातही दुपारी कातळ तापतो.