जुनी मोटारसायकल घरी दुरुस्त करताय? या चुका टाळा

पहिली जुनी गाडी घरी आणली, त्याच रात्री मी ती अख्खी खोलली. पहाटे दोनच्या सुमारास नुसती चेसिस भिंतीला टेकून उभी होती आणि उरलेली गाडी चार खोक्यांत होती. पुढचे आठ महिने ती खोक्यांतच राहिली. गाडी चालू का होत नाही, हे मी खोलायच्या आधी पाहिलंच नव्हतं आणि खोलल्यावर पाहणार तरी कसं? नवशिक्याच्या हातून होणाऱ्या बाकीच्या बहुतेक चुका या एकाच चुकीच्या पोटच्या आहेत.

खोलायची घाई

गाडी आहे त्या अवस्थेत, आहे त्या सामानावर आधी चालू करून बघा. रंग उडालेला असू दे, सीट फाटलेली असू दे. इंजिनाला तीनच गोष्टी लागतात: कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब), करंट (प्लगची ठिणगी) आणि पेट्रोल. यातलं काय नाही ते शोधायचं आणि तेवढंच उघडायचं.

वर्षानुवर्षं बंद असलेल्या गाडीला पहिल्याच दिवशी किक मारू नका. प्लग काढा, त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडा, गाडी टॉप गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हातानं हळूहळू फिरवा. पिस्टन हलला तर उत्तम. नाही हलला, तर पिस्टनच्या रिंगा गंजून सिलिंडरला धरल्यात असं समजा. अशा वेळी किकवर उभं राहून नाचणारे मी पाहिलेत. पिस्टन जागचा हलत नाही, किकचे दाते मात्र जातात. पातळ तेल सोडून दोन-चार दिवस वाट बघायची, रोज चाकाला थोडा हिसका द्यायचा. कंटाळवाणं आहे, पण सुटतं.

चालू करायच्या आधी जुनं ऑइल काढून टाका. दुधाळ, चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. ऑइलची टाकी वेगळी असलेल्या काही जुन्या गाड्यांत, बरेच महिने उभ्या राहिल्या की तेल पंपातून झिरपून खाली इंजिनात साठतं. टाकी रिकामी दिसते म्हणून आपण वरून आणखी ओततो, आणि पहिल्याच किकला धुराचे लोट निघतात.

अंदाजानं पार्ट बदलणं

याला आपल्याकडे 'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' म्हणतात. गाडी सुरू होत नाही म्हणून नवा प्लग, मग नवी कॉइल, मग अख्खा कार्ब्युरेटर. शेवटी दोष निघतो पॉइंटवरच्या (इंजिन फिरताना उघडझाप करून ठिणगी पाडणारा छोटा स्विच) नखाएवढ्या काळ्या डागात.

पॉइंटवाल्या गाडीत करंट तपासायचा तर प्लग काढून कॅपमध्ये बसवा, त्याची धातूची बाजू इंजिनाला टेकवा आणि किक मारा. निळी, कडक आवाजाची ठिणगी चांगली. पिवळट आणि बारीक असेल तर कुठेतरी गडबड आहे. हे करताना प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

ठिणगीच नसेल तर पॉइंटचं झाकण उघडा. गाडी बरेच दिवस बंद राहिली की पॉइंटच्या दोन्ही तोंडांवर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. डोळ्यांना दिसतही नाही, पण करंट अडवायला तो पुरतो. बारीक पॉलिश पेपर दोनदा फिरवा आणि नंतर साधं कोरं कार्ड पॉइंटच्या मधून ओढून घ्या, म्हणजे पेपरची भुकटी आणि तेलकटपणा निघून येईल. कार्डावर काळी रेघ उमटणं थांबेपर्यंत ओढा. मग फिलर गेजनं (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांचं माप) पॉइंटमधला गॅप बघा. बऱ्याच गाड्यांना ०.३ ते ०.४५ मिलिमीटरच्या दरम्यान गॅप लागतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. गॅप बदलला की टायमिंगही, म्हणजे ठिणगी पडायची वेळही, बदलतं, म्हणून क्रम ठरलेला: आधी गॅप, मग टायमिंग.

दहा मिनिटांनी बंद पडणारी गाडी

यावर जरा थांबतो, कारण याच आजारानं माझा एक अख्खा उन्हाळा खाल्ला. गाडी झकास सुरू व्हायची, दहा मिनिटं चालायची, मग गुदमरून बंद. पाव तास थांबलं की पुन्हा सुरू. मी कार्ब्युरेटर तीनदा खोलला, पॉइंटला जोडलेला कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली. एकदा बंद पडल्यावर वैतागून टाकीत पेट्रोल आहे का बघायला झाकण उघडलं, तर 'फुस्स' असा आवाज आला आणि गाडी पहिल्या किकला सुरू झाली. झाकणातलं हवेचं बारीक छिद्र रंगानं बुजलं होतं. टाकीत हवा शिरत नसल्यामुळे आत पोकळी तयार होऊन पेट्रोल खाली उतरणं थांबायचं. रंग अर्थातच मीच मारला होता.

गाडी अशी बंद पडली तर त्याच जागी, गरम असतानाच दोन गोष्टी बघा. आधी टाकीचं झाकण उघडून किक मारा. तरी नाही झाली तर झाकण घट्ट लावून ठिणगी बघा. थंड असताना निळी आणि गरम झाल्यावर गायब होत असेल, तर कंडेन्सर किंवा कॉइल गरम होऊन मान टाकतेय. घरी आणून, थंड झाल्यावर तपासलं की सगळं ठीकच दिसतं, आणि म्हणून हा दोष लोकांना सापडत नाही.

जेटमध्ये तार घालणं

कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं, पितळेचे असतात आणि पितळ मऊ. मेन जेटचं भोक साधारण मिलिमीटरच्या आसपास, स्लो जेटचं त्याहून कितीतरी बारीक. त्यात लोखंडी तार घातली की भोक किंचित मोठं होतं आणि गाडी जास्त पेट्रोल प्यायला लागते. कार्ब क्लीनर, हवेचा झोत किंवा नायलॉनचा धागा, एवढ्यावरच भागवा. रबरी ओरिंग आणि डायफ्राम क्लीनरमध्ये बुडवू नका, फुगतात.

एअर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हातानं आत फिरवा आणि किती फेऱ्यांत टेकला ते मोजून लिहून ठेवा. जोर लावून आवळलात तर स्क्रूचं टोक आणि त्याची बैठक दोन्ही खराब होतात, आणि मग गाडी स्लोवर कधीच धड उभी राहत नाही.

टाकी

आत गंज असेल तर व्हिनेगर भरून दोन-तीन दिवस ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि लगेच वाळवा. 'लगेच' म्हणजे खरंच लगेच. उघडं पडलेलं लोखंड काही मिनिटांत परत तांबूस होतं. वाळल्यावर थोडं तेल आत घोळवून ठेवा. गंज नीट न काढता आतून कोटिंग ओतणं हा शॉर्टकट महागात पडतो. ते पुढे पापुद्र्यांनी सुटतं आणि पेट्रोल कॉकमध्ये जाऊन बसतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा धरतं, जुन्या रबरी नळ्या खराब करतं आणि फायबरच्या जुन्या टाक्यांचा रेझिनही मऊ करतं. तेव्हा नळ्या बदला, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरखालची फ्लोटची वाटी (त्यात पेट्रोल साठतं) रिकामी करा.

टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग नको. रिकाम्या टाकीत पेट्रोल नसतं, पण वाफ असते, आणि स्फोट वाफेचाच होतो.

आटे आणि स्क्रू

जुन्या जपानी गाड्यांच्या इंजिन केसिंगचे स्क्रू अधिकच्या चिन्हाचे असतात आणि नेहमीच्या फिलिप्स स्क्रूसारखेच दिसतात. ते बहुधा जेआयएस (जपानी मानक) खाचेचे असतात. काहींच्या डोक्यावर बारीक ठिपकाही असतो. फिलिप्सचं टोक त्यांत पूर्ण बसत नाही, जोर लावला की उसळून वर येतं आणि खाच गोल होऊन जाते. जेआयएसचं टोक आणि हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर या दोन वस्तू आधी घ्या, बाकी हत्यारं नंतर.

जुन्या ब्रिटिश गाड्यांचं दुखणं वेगळं. इंग्रज इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये मांडलेल्या आट्यांचा कोन ५५ अंश, मेट्रिकचा ६० अंश. त्यातही फसवी जोडी म्हणजे पाव इंची, इंचाला २६ आट्यांचा बोल्ट आणि सहा एमएमचा बोल्ट. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि सहा एमएमच्या बोल्टला इंचाला २५.४ आटे. म्हणजे आट्यांचं अंतर जवळपास सारखं, जाडी मात्र कमी. तो बोल्ट पाव इंची भोकात अलगद फिरत जातो, बसल्यासारखा वाटतो आणि शेवटचा पीळ देताना आटे घेऊन बाहेर येतो. हातानं शेवटपर्यंत गेला म्हणजे बरोबर आहे, असं मानू नका. थोडा ढिला, डुगडुगता वाटला की थांबा आणि आट्यांचं अंतर दाखवणाऱ्या पिच गेजनं मोजा.

ॲल्युमिनियममध्ये सहा एमएमच्या बोल्टला साधारण १० न्यूटन मीटर पुष्कळ झालं. पॅकिंगला सिलिकॉन सीलंट थापू नका. बाहेर जेवढं फुगून दिसतं तेवढंच आतही सुटतं, आणि ऑइलच्या वाटेत अडकलं तर इंजिनचं काम निघतं. खोलताना प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा, बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, पिशवीवर लिहा. 'लक्षात राहील' असं वाटतं, नाही राहत.

अपग्रेडची हौस

माझं मत स्पष्ट आहे: गाडी ओरिजनल अवस्थेत पाचशे किलोमीटर नीट चालेपर्यंत एकही अपग्रेड नको. आणि त्यानंतर एका वेळी एकच. नवा कार्ब्युरेटर, नवं इग्निशन आणि नवा सायलेन्सर एकाच रविवारी बसवलात, तर सोमवारी येणारं मिसिंग कशामुळे, हे देवच जाणे.

सहा व्होल्टला सगळेच नावं ठेवतात. पण तेवढ्याच वॅटला सहा व्होल्टवर बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, त्यामुळे गंजलेल्या जोडाचा फटका इथे जास्त बसतो. अर्धा व्होल्ट वाटेत गळाला तर बारा व्होल्टवर चार टक्के जातात, सहावर आठ. आधी सगळे जोड साफ करा, अर्थ (बॅटरीची चेसिसला जाणारी वायर) नवा घ्या, मग ठरवा. मी चेसिसला पावडर कोटिंग करून आणलं, सगळं वायरिंग नवं ओढलं, आणि एकही दिवा लागेना. पावडर कोटिंग म्हणजे चेसिसवर चढवलेलं प्लॅस्टिकच. अर्थचा बोल्ट त्याच्यावरच आवळला होता. रुपयाएवढी जागा खरवडल्यावर अख्खी गाडी उजळली.

बॅटरी जोडण्याआधी गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे का, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक चेसिसला आहे का, बघा. जुन्या ब्रिटिश गाड्यांत तशी पद्धत होती, आणि उलटी बॅटरी इलेक्ट्रॉनिक इग्निशनला क्षणात संपवते. तसंच साठ वॅटच्या अल्टरनेटरवर ५५/६० वॅटचा हॅलोजन लावला तर रात्रभर चालवल्यावर सकाळी बॅटरी रिकामी मिळणारच.

उघडा एअर फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावले की हवा वाढते, पेट्रोल तेवढंच राहतं. प्लग पांढरा पडतो, इंजिन तापतं, आणि तसंच दामटलं तर पिस्टनला भोक पडू शकतं. जेट बदलायची तयारी नसेल तर फिल्टरही बदलू नका. प्लग घेतानाही एक खोच आहे: एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारा) प्लग, बॉशमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम. कंपनी बदलली आणि आकडा जुळवला, तर नेमकं उलटं होतं.

क्लच ऑइलमध्ये बुडालेला असेल तर कारचं ऑइल नको, त्यातल्या काही मिश्रणांनी क्लच घसरतो. डब्यावर 'जासो एमए' (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठीचं जपानी मानक) लिहिलेलं बघून घ्या.

ब्रेक शेवटी

इंजिन सुरू झाल्याच्या आनंदात लोक लगेच चक्कर मारायला निघतात. ब्रेक आणि टायर त्याआधी. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ड्रममधली धूळ हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. ब्रेक पूर्ण दाबलेला असताना ड्रमवरचा आर्म आणि केबल यांच्यात साधारण काटकोन असावा. त्याच्या पुढे गेला तर दाबाल तितका जोर वाया.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३२१८ म्हणजे २०१८ सालचा ३२ वा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालाच्या आधीचा आहे, नक्षी कितीही चांगली दिसो, काढून टाका.

पहिली चक्कर दोन-तीन किलोमीटरचीच ठेवा. परत आल्यावर गाडी थंड होऊ द्या आणि पाना घेऊन इंजिन माउंटिंग, सायलेन्सरचे नट आणि ॲक्सल तपासा. एखादा तरी ढिला सापडतोच. रंगकाम आणि क्रोमचा विचार त्यानंतर, कारण अजून दोन-तीनदा तरी टाकी उतरवावी लागणार आहे. आणि रंगवायला घ्याल तेव्हा झाकणातल्या त्या छिद्रात काडेपेटीची काडी खोचून ठेवा.