क्लच प्लेट तासाभरात बसते, तिथपर्यंत पोचायला दोन रविवार जातात

माझी गाडी म्हणजे लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर घरी बांधलेली दोन सीटर. चौकोनी पाइपची चासी, पुढे मारुतीच्या जिप्सी किंगचं १२९८ सीसीचं कार्ब्युरेटरवालं इंजिन, त्याचाच गिअरबॉक्स, मागे ओम्नीचा एक्सल. मूळ सेव्हन १९५७ ची, गाडीत फारसं काही नसतंच पण जे असतं ते एकमेकांना खेटून बसलेलं असतं. क्लच प्लेट इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये असते, ती बदलायला दोन्ही वेगळे करावे लागतात. साध्या जिप्सीला गाडी वर घेतली की गिअरबॉक्स खाली उतरवता येतो. माझ्याकडे गिअरबॉक्स दोन सीटच्या मधल्या टनेलमध्ये अडकलेला आणि टनेलखाली चासीचेच आडवे पाइप, म्हणजे खाली उतरायला जागाच नाही, सगळं पुढून वर काढायचं. तुमची गाडी पण अशीच असेल तर पुढचं वाचा.

आधी एक, इंजिन काढायच्या आधी क्लचच गेलाय याची खात्री करा. पार्किंगमध्ये हँडब्रेक ओढा, चाकांना विटा लावा, समोर कोणी उभं नको, चौथा गिअर टाकून थोडी रेस देत क्लच हळू सोडा. इंजिन धापा टाकत बंद पडलं पाहिजे, नाही पडलं आणि जळका वास आला तर प्लेट स्लिप होतेय. उलट पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स करकरत पडत असेल तर क्लच नीट सुटत नाहीये, आणि अशा वेळी बिचारी प्लेट धडधाकट असू शकते, केबल लांबून सैल पडलेली असते किंवा फायरवॉलचा, म्हणजे इंजिन आणि सीटच्या मधला, पत्रा वाकत असतो. घरी बनवलेल्या गाडीत हे फार होतं कारण पेडल बॉक्स आपणच वेल्ड केलेला असतो. एकाला पेडल दाबायला सांगा आणि तुम्ही बॉनेट काढून पत्र्याकडे बघा, पत्रा हलताना दिसला तर नवीन प्लेटचे पैसे वाचले. पेडल दाबल्यावर गुरगुर येत असेल तर रिलीज बेअरिंग (क्लच सोडवायला आत ढकललं जाणारं), सोडल्यावर येत असेल तर बहुतेक गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं, म्हणजे क्लच प्लेटमध्ये शिरणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग.

माझी पहिली प्लेट मीच मारली. केबल ताणून ठेवली की पेडल एकदम शार्प लागतं, मला ते आवडायचं, फ्री प्ले, म्हणजे क्लच दाबला जाण्याआधीची पेडलची मोकळी हालचाल, शून्य. म्हणजे रिलीज बेअरिंग सतत प्रेशर प्लेटच्या, म्हणजे क्लच प्लेटला दाबून धरणाऱ्या भागाच्या, बोटांना टेकलेलं, म्हणजे पाय न ठेवताही क्लच थोडा दाबलेलाच. एका सीझनमध्ये प्लेट रिव्हेटपर्यंत घासली. आणि मी तीन आठवडे दुकानदाराला शिव्या देत होतो.

आता काम. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कूलंट आणि गिअर ऑइल काढून घ्या, नोज कोन, रेडिएटर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटरच्या केबल, स्टार्टर, क्लच केबल, पेट्रोलच्या पाइपला बूच. प्रत्येक गोष्टीचा फोटो, प्रत्येक वायरला मास्किंग टेपवर नाव, बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत. कंटाळा येतो, मान्य, पण या गाडीचं मॅन्युअल जगात कुठेच नाही, तुम्ही दोन वर्षांपूर्वी रात्री अकराला काय जुगाड केला होता ते तुम्हालाच आठवणार नाहीये. प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याच्या) फ्लॅन्जवर दोन्हीकडे मिळून एक खूण करा म्हणजे परत त्याच जागी बसेल, नाहीतर व्हायब्रेशनच्या मागे वेगळा रविवार जातो. गिअर लिव्हर वरून काढायला विसरू नका, मी विसरलो होतो, इंजिन अर्धं वर आल्यावर कळलं.

इंजिन एकटं काढायचं की गिअरबॉक्ससकट? एकटं काढलं तर शाफ्ट, लिव्हर काही सोडावं लागत नाही हे खरं, पण परत बसवताना लटकतं इंजिन इनपुट शाफ्टवर सरळ सरकवायचं म्हणजे दोन माणसांची भांडणं. मी दोन्ही एकत्र काढतो, मग जमिनीवर टायरवर ठेवून निवांत वेगळं करतो. इंजिन क्रेन भाड्याने आणा. सोसायटीच्या स्लॅबमधल्या पंख्याच्या हुकाला चेन ब्लॉक लावायचा विचार डोक्यात येतो, तो तिथेच सोडा, हुक पंख्यासाठी आहे. उचलताना मागची बाजू खाली राहू दे म्हणजे बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं गिअरबॉक्सचं कवच) टनेलमधून निसटतं, आणि लटकत्या इंजिनखाली हात-पाय काहीही नाही.

बेल हाउसिंगचे बोल्ट सोडल्यावर गिअरबॉक्सचा भार इनपुट शाफ्टवर लटकू देऊ नका, प्लेटचा हब वाकतो. सरळ मागे ओढायचा. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, अर्धा अर्धा फेरा करत सोडा. आतली काळी धूळ कंप्रेसरने उडवू नका, जुन्या प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा.

आता बघायचं काय ते महत्त्वाचं. फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनमागच्या जड चकतीवर, निळे डाग किंवा बारीक तडे आहेत का? हलके डाग असतील तर भोसरीत फ्लायव्हील फेसिंग करून, म्हणजे वरचा थर कापून सपाट करून, देणारा लेथवाला सापडतो, खोल तडे असतील तर फ्लायव्हीलच बदला. प्लेटवर तेल दिसलं तर क्रँकचं मागचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सचं पुढचं सील गेलंय. दोन्ही सील इतकी स्वस्त आहेत की मी न विचारता बदलतो, पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग पण. इथपर्यंत पोचायला दोन रविवार घालवलेत आणि तिथे दोनशे रुपये वाचवायचे हा शुद्ध वेडेपणा.

सामान आणायला पुण्याच्या नाना पेठेत जाताना जुनी प्लेट आणि जुनी प्रेशर प्लेट पिशवीत घालून न्या. काउंटरवर दोन्ही प्लेट एकमेकींवर ठेवून व्यास बघा, स्प्लाइनचे, म्हणजे मधल्या भोकातल्या खाचांचे, दात मोजा. "जिप्सीची द्या" एवढंच सांगू नका, कार्ब्युरेटरवाली की एमपीएफआय (इंजेक्शनवाली) ते तिथेच बोला. घरी आल्यावर नवी प्लेट इनपुट शाफ्टवर हाताने सरकवून बघा, अडकता कामा नये.

बसवताना नव्या प्रेशर प्लेटवरचा गंजरोधक तेलाचा थर ब्रेक क्लीनरने पुसा. स्प्लाइनला ग्रीस म्हणजे बोटाच्या टोकावर मावेल एवढंच, जास्त लावलं तर फिरताना ते सगळं प्लेटवर उडतं. प्लेटची दिशा नीट बघा, फ्लायव्हीलची बाजू लिहिलेली असते, नसेल तर स्प्रिंगचा फुगवटा साधारणपणे गिअरबॉक्सकडे. सेंटर करायला अलाइनमेंट टूल हवं, भंगारातला जुना इनपुट शाफ्ट मिळाला तर सोन्याहून पिवळं, नाहीतर लेथवाल्याकडून नायलॉनचा करून घ्या. बोल्ट परत समोरासमोर, थोडे थोडे, एम-८ ला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर, फ्लायव्हीलचे बोल्ट काढले असतील तर त्यांचा आकडा इंजिनच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

गिअरबॉक्स हाताने सरकून पूर्ण बसला पाहिजे. सेंटीमीटरभर फट राहिली तर गिअर टाकून ठेवा, क्रँक पुलीला पाना लावून थोडं थोडं फिरवा आणि ढकला, टक्कन बसतो. नाही बसला तर प्लेट सेंटरला नाही, उघडा परत. ती फट बोल्टने ओढून बुजवायची खाज येते, त्यात बेल हाउसिंगचा कान तुटतो.

शेवटी केबल. एक्झॉस्टपासून लांबून, मोठी वळणं. पेडलला १५ ते २५ मिलिमीटर फ्री प्ले ठेवा आणि पेडलखाली बोल्टचा स्टॉपर लावा म्हणजे कोणी लाथ घालून प्रेशर प्लेटची बोटं गरजेपेक्षा जास्त दाबणार नाही. टाइप अप्रूव्हलशिवाय नवी गाडी रजिस्टर होत नाही, त्यामुळे माझी ही गाडी टेम्पोतून सासवडकडे मित्राच्या शेतावर जाते, तिथे चढ आहे, तिथेच टेस्ट. पहिले दोन-तीनशे किलोमीटर फुल थ्रॉटल स्टार्ट मारू नका. प्लेट बसत जाते तसा फ्री प्ले कमी होतो, म्हणून मी पेडलशेजारच्या पत्र्यावर मार्करने "२० मिमी" लिहून ठेवलंय आणि दर फेरीआधी पट्टी लावून बघतो.